परदेशी मदत थांबली: सीएसआरमधून एचआयव्ही तपासणीसाठी नेमकं काय मागावं?

घणसोली_संस्था (प्रश्न)

नमस्कार. आमची छोटी संस्था घणसोली-तुर्भे पट्ट्यात एचआयव्ही तपासणी शिबिरं घेते आणि पॉझिटिव्ह आलेल्यांना एआरटी केंद्रापर्यंत (एचआयव्हीची औषधं देणाऱ्या सरकारी केंद्रापर्यंत) पोचवते. अमेरिकी मदतीवरच्या एका प्रकल्पाचे दोन कर्मचारी आमच्या बरोबरीने काम करायचे. जानेवारी २०२५ मध्ये ती मदत गोठवली गेली आणि पुढे प्रकल्पच गुंडाळला. आता महापे एमआयडीसीतली एक कंपनी सीएसआरमधून (कंपन्यांच्या समाजकार्याच्या निधीतून) वर्षभराचा खर्च उचलायला तयार आहे. विश्वस्त म्हणतात, किट घेऊ आणि आपल्या भागाचा सर्व्हे करू. हे योग्य आहे का? प्रस्तावात काय मागावं?

खाडीपलीकडे

किटसाठी एक रुपयाही मागू नका. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा पहिला टप्पा जागतिक बँकेच्या कर्जावर उभा राहिला, पण पाचवा टप्पा (२०२१ ते २०२६, १५,४७१.९४ कोटी रुपये) केंद्र सरकारच्या पैशांवर उभा राहिला. किट आणि एआरटीच्या गोळ्या त्यातूनच येतात. परदेशी पैसा लागत होता माणसांना, प्रशिक्षणाला, प्रयोगशाळांच्या मानांकनाला, माहितीप्रणालीला आणि सरकारी दवाखान्याची पायरी चढायला घाबरणाऱ्यांसाठी उघडलेल्या वेगळ्या दारांना. ठाणे जिल्ह्यातलं तृतीयपंथीयांसाठीचं मित्र क्लिनिक बंद पडलं ते यामुळेच. सरकारी एआरटी चालू राहिली, तिथपर्यंत हात धरून नेणारं कुणी उरलं नाही.

शिवाय शिबिरातली चाचणी ही फक्त चाळणी. ती रिअ‍ॅक्टिव्ह आली, म्हणजे संशय दाखवला, की आयसीटीसीत (सरकारी समुपदेशन व तपासणी केंद्रात) वेगवेगळ्या तत्त्वांवरच्या तीन किटनी क्रमाने खात्री करतात, मगच पॉझिटिव्ह म्हणायचं. बाजारातून आणलेलं किट या साखळीच्या बाहेर राहतं. डापकूशी (जिल्हा एड्स नियंत्रण पथकाशी) लेखी बोलून त्यांच्याच साठ्यातली किट घ्या आणि लॉट क्रमांक व मुदत नोंदवा. जवळच्या आयसीटीसीत दुसरं आणि तिसरं किट शिल्लक आहे ना, हे शिबिराची तारीख ठरवण्याआधी विचारा. नसेल तर माणूस अर्धवट निकाल घेऊन घरी जातो आणि त्यातले बरेच परत येत नाहीत.

पिपेट_वाशी

वरच्याशी सहमत. माझ्या मते पैसे घालावेत नमुन्याच्या प्रवासात.

व्हायरल लोडसाठी (रक्तात विषाणू किती हे मोजायला) रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत घेतात, त्यातल्या रसायनाने ते गोठत नाही. घेतल्यावर नळी हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटसुलट करायची. गुठळी झाली की नमुना बाद. सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे यंत्रात वेगाने फिरवून, प्लाझ्मा (रक्तातला पेशींशिवायचा द्रव) २४ तासांच्या आत वेगळा व्हायला हवा, सहा तासांत झाला तर उत्तम. वेगळा केलेला प्लाझ्मा २ ते ८ अंशांत पाच दिवस टिकतो, त्याहून जास्त ठेवायचा तर उणे ७० चा फ्रीझर. अख्खं रक्त मात्र कधीच गोठवायचं नाही, पेशी फुटतात. फ्रीझरमधून काढलेला आइस पॅक थेट नळीला टेकला तरी तेच होतं, म्हणून पॅकवर पाण्याचे थेंब सुटेपर्यंत थांबायचं आणि मध्ये जाड कागदाचा थर द्यायचा.

बाळांच्या सहाव्या आठवड्याच्या तपासणीचं डीबीएस कार्ड (रक्ताचे थेंब वाळवून पाठवायचं कागदी कार्ड) तर पावसाळ्यात फार जपावं लागतं. कार्डावर पाच गोल असतात. प्रत्येक गोल एकाच मोठ्या थेंबाने भरायचा. कमी पडला म्हणून वरून दुसरा थेंब टाकला तर थर बसतो. कार्ड आडवं ठेवून किमान चार तास वाळवायचं, उन्हात नाही. पण जुलैमध्ये खाडीकाठच्या हवेत चार तासांनी गोल वरून तपकिरी दिसतात आणि कार्ड उलटलं की मागे अजून लालसर ओल असते. तसंच पिशवीत भरलं तर बुरशी धरते आणि नमुना वाया जातो. त्या दिवसांत रात्रभर वाळवा, मगच सिलिका जेलच्या पुड्या आणि ओलावादर्शक पट्टी घालून पिशवी बंद करा. पट्टी निळ्याची गुलाबी झाली असेल तर पुड्या बदला.

म्हणून मागणी अशी ठेवा: दुचाकीवर नमुने पोचवणारा एक पूर्णवेळ माणूस, दोन कोल्ड बॉक्स, प्रत्येकात तापमान नोंदणारं यंत्र, वाळवणीचे स्टँड, कार्ड वाळवायच्या खोलीत एक डीह्युमिडिफायर, आणि रक्त घेणाऱ्या केंद्राची परवानगी असेल तर सेंट्रिफ्यूजसाठी इन्व्हर्टर व वर्षातून एकदा कॅलिब्रेशन.

आणखी एक काम कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आयसीटीसीने २० टक्के पॉझिटिव्ह आणि ५ टक्के निगेटिव्ह नमुने फेरतपासणीला संदर्भ प्रयोगशाळेत पाठवायचे असतात. वाहतुकीचा पैसा आटला की सगळ्यात आधी हेच मागे पडतं. किट संपलं तर त्याच दिवशी ओरड होते. फेरतपासणी थांबली तर निकाल रोज छापून येत राहतात आणि एखादा लॉट चुकीचे निकाल देतोय हे समजायला महिने जातात. तुमचा माणूस त्या चार आठवड्यांत याच कामाला द्या.

आकडेमोड

सर्व्हेचं नाव प्रस्तावातून काढा. राष्ट्रीय सेंटिनल सर्वेक्षणात (एचआयव्हीचं प्रमाण ठराविक काळाने मोजणाऱ्या सरकारी पाहणीत) ठरलेल्या केंद्रांवर तीन महिन्यांत ४०० गरोदर महिला घेतात, त्याही येतील त्या क्रमाने, एकीलाही न गाळता, आणि नमुन्याशी नाव जोडलेलं नसतं. दर फेरीत पद्धत तीच राहते म्हणूनच आकडा वर गेला की खाली हे सांगता येतं. शिबिरात लोक आपणहून येतात: ज्याला शंका आहे तो, किंवा चहा-बिस्किटाला थांबलेला. त्यातल्या टक्केवारीला तुर्भ्याचं प्रमाण म्हणणं चूक, आणि वस्तीवर शिक्का बसतो तो वेगळाच.

कंपनीला अहवालात फक्त संख्या द्या. एखाद्या वस्तीत एक-दोनच पॉझिटिव्ह असतील तर तो आकडा शेजारच्या वस्तीत मिळवा, नाहीतर माणूस ओळखू येतो. २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय चाचणी नाही, लेखी संमतीशिवाय निकाल कुणाला सांगणं नाही. कंपनीने 'आमच्या कामगारांचीही करा आणि यादी द्या' म्हटलं तर तिथेच नकार द्या.

घणसोली_संस्था

खूप आभार. किट आणि सर्व्हे दोन्ही काढतो. एक राहिलं: कंपनीची मूळ मालकी परदेशी आहे. आमच्याकडे एफसीआरए (परदेशी देणगी घ्यायची सरकारी नोंदणी) नाही, सीएसआर-१ (सीएसआर निधी घ्यायची) नोंदणी आहे.

खाडीपलीकडे

कंपनी भारतात नोंदलेली असेल आणि तिच्यातला परकीय हिस्सा फेमाने (परकीय चलन कायद्याने) त्या क्षेत्रासाठी ठरवलेल्या मर्यादेत असेल, तर हिस्सा निम्म्याहून जास्त असला तरी ती परकीय स्रोत धरली जात नाही. ही २०१६ ची दुरुस्ती. तसं पत्र कंपनी सचिवाच्या सहीने लेटरहेडवर घ्या आणि पैसे कंपनीच्या भारतातल्या खात्यातूनच येऊ द्या. मूळ परदेशी कंपनी किंवा तिचं फाउंडेशन थेट देणार असेल तर मात्र एफसीआरए लागेलच, आणि २०२० पासून एफसीआरए असलेली दुसरी संस्थाही तो निधी तुमच्याकडे वळवू शकत नाही. पत्र हातात पडेपर्यंत चेक खात्यात भरू नका.