भावाला बुप्रेनॉर्फिन सुरू करायचं आहे, घरात विरोध आहे. संशोधन काय सांगतं?

अनघा_व

माझा धाकटा भाऊ हेरॉइन घेतो. व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला, घसरला, परत गेला, परत आला. दर वेळी बाहेर पडताना वजन वाढलेलं, डोळ्यांत चमक, आणि काही आठवड्यांत पुन्हा तेच. मागच्या वेळी बाथरूममध्ये बेशुद्ध सापडला, ओठ निळे पडले होते. वेळेत दवाखान्यात नेला म्हणून वाचला. "पूर्वीपेक्षा कमीच घेतलं होतं," असं तो कळवळून सांगतो. मग असं कसं झालं?

आता मानसोपचारतज्ज्ञ म्हणतात, जिभेखाली ठेवायची बुप्रेनॉर्फिनची गोळी सुरू करू, ती बराच काळ चालेल. भाऊ तयार आहे. पण बाबा भडकलेत: "एक नशा सोडवायची आणि दुसरी लावायची?" केंद्रातले समुपदेशकही तेच म्हणतात, मनाचा निश्चय असेल तर गोळी कशाला. मला बाबांशी वाद घालायचा नाहीये, त्यांना समजावून सांगायचंय. यावर खरंच काही अभ्यास झालेत का?

आणखी एक. माझा मुलगा नववीत आहे, मामाचं सगळं बघतोय. त्याच्याशी काय बोलू?

रातपाळी

अनघाताई, मी मानसोपचार विभागात परिचारिका होते, आता निवृत्त आहे. नोकरीची बरीच वर्षं व्यसनमुक्तीच्या वॉर्डात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तुमच्या भावाचं. तो खरं बोलत असणार. रोज हेरॉइन घेणाऱ्याच्या शरीराला हळूहळू सवय होते, दुसऱ्या कुणाचा श्वास थांबेल एवढी मात्रा त्याला पेलते. केंद्रात काही आठवडे काहीच घेतलं नाही की ही सहनशक्ती उतरते. तलफ मात्र उतरत नाही. माणूस बाहेर येतो आणि पूर्वीच्या अंदाजाने, किंवा त्याहून थोडं कमीही घेतो, तरी शरीर आता ते पेलत नाही. ब्रिटनमध्ये जॉन स्ट्रँग आणि सहकाऱ्यांनी २००३ साली अफूवर्गीय नशेसाठी दाखल झालेल्या १३७ रुग्णांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. पुढच्या काही महिन्यांत ओव्हरडोसने जे तिघे गेले, ते तिघेही पूर्ण डिटॉक्स होऊन, म्हणजे शरीरातली नशा पूर्ण उतरवून, सहनशक्ती गमावून बाहेर पडलेल्यांपैकी होते. अर्धवट सोडून गेलेल्यांपैकी कुणी नाही. हे वाचलं तेव्हा मला धक्का बसला नाही, कारण डिस्चार्जच्या दिवशी पेढे वाटून गेलेल्या पोरांच्या बातम्या आमच्यापर्यंत येत असत. आकडा लहान आहे, पण नुसतं डिटॉक्स करून घरी पाठवण्यातला धोका नंतरच्या मोठ्या अभ्यासांतही दिसला आहे.

आता बाबांचा मुद्दा. त्यांना एकच अभ्यास सांगायचा असेल तर स्टॉकहोमचा सांगा, तोही २००३ चाच, 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला. हेरॉइनचं व्यसन असलेले ४० जण घेतले. २० जणांना वर्षभर रोज बुप्रेनॉर्फिन. उरलेल्या २० जणांना तेच औषध सहा दिवसांत कमी करत बंद केलं आणि पुढे तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी दिली. समुपदेशन, गटचर्चा, घसरण टाळण्याचं प्रशिक्षण दोन्ही गटांना सारखंच, आणि तेही भरपूर. वर्ष संपलं तेव्हा औषध मिळणाऱ्यांतले ७५ टक्के उपचारात टिकून होते. दुसऱ्या गटातला एकही नाही. आणि त्या दुसऱ्या गटातले चौघे वारले होते.

हे परत एकदा वाचा. निश्चय दोन्हीकडे होता, समुपदेशनही होतं. फरक गोळीचा होता. ज्यांचा जीव या आजारात टांगणीला लागलाय, त्यांना "मन खंबीर कर" एवढंच सांगून परत पाठवणं मला आजही सहन होत नाही.

मोठ्या आकड्यांत पाहायचं तर २०१७ मध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात अनेक देशांतले पाठपुरावे एकत्र करून मांडले गेले. मेथाडोनच्या (हेरॉइनच्या व्यसनावरचं असंच दुसरं औषध) उपचारात असताना दर हजार व्यक्तींमागे वर्षाला सुमारे ११ मृत्यू, उपचार सुटल्यावर ३६. बुप्रेनॉर्फिनसाठी सुमारे ४ आणि साडेनऊ. याच आढाव्यात हेही दिसलं, की उपचार सुटल्यानंतरचे पहिले चार आठवडे विशेष धोक्याचे.

"दुसरी नशा" का नाही, तेही सांगते. हेरॉइन मेंदूतल्या ज्या ग्राहींवर बसतं, त्यांवरच बुप्रेनॉर्फिन बसतं, पण त्यांना अर्धवटच चालवतं. नळ अर्धाच उघडेल अशी आतून सोय केलेली असावी, तसं. मात्रा वाढवली तरी परिणाम एका टप्प्यापुढे वाढत नाही, त्यामुळे श्वास मंदावण्याचा धोकाही हेरॉइनपेक्षा खूप कमी. शिवाय ते घट्ट चिकटून बसतं आणि हळूहळू सुटतं, म्हणून वर हेरॉइन घेतलं तरी त्याची मजा फारशी येत नाही. सकाळी गोळी घेतली की दिवसभर ना झिंग, ना अंगदुखी-जुलाब-घाम. माणूस कामावर जाऊ शकतो.

शरीराला या गोळीचीही सवय होते, हे बाबांचं म्हणणं खरं आहे. ती अचानक थांबवली तर त्रास होईल. पण व्यसन म्हणजे तेवढंच नव्हे. चोरी, खोटं, सुया, दिवसभर पावडरीच्या मागे धावणं, नुकसान दिसत असून न थांबता येणं, हे व्यसन. वॉर्डात पाहिलेलं सांगते: गोळीवर स्थिरावलेला मुलगा आणि पावडरीवरचा मुलगा शेजारी बसवा, कोण कुठल्या नशेत आहे हे कुणाला विचारावं लागणार नाही.

किती दिवस? घाई करू नका एवढंच म्हणेन. लवकर थांबवलेल्यांतले बहुतेक परत वळतात. आयुष्य रुळावर आल्यावर, त्याने स्वतः म्हटल्यावर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली फार सावकाश कमी करता येतं. काहींना कायम लागते. लागली तर लागली.

सुटलेला_धागा

रातपाळी यांच्या प्रत्येक शब्दाशी सहमत. माझी नशा दारूची होती, त्यामुळे औषधं वेगळी. मला नालट्रेक्झोनचा, म्हणजे दारूची तलफ कमी करणाऱ्या गोळीचा, फायदा झाला, जोडीला रोज संध्याकाळी गटाची मीटिंग. अनघाताई, कुणी दारूवाला तुमच्या भावाला "मी तर गोळीशिवाय सुटलो" म्हणाला तर लक्ष देऊ नका. दारू एकदम सोडताना आकडी येऊन माणूस जाऊ शकतो, म्हणून तिथे सुरुवातीचे दिवस जपायचे असतात. हेरॉइनमध्ये सोडल्यानंतरचा काळ जास्त घातक. एकाचा नियम दुसऱ्याला लावला की माणसं मरतात.

आणि घरच्यांसाठी: माझी बायको भांडण बंद करून वेगळं वागायला शिकली. मी शुद्धीत असताना जवळ बसायची, प्यायलेलो असताना शांतपणे उठून जायची, आणि मी स्वतः कंटाळलेला दिसलो की त्याच क्षणी उपचाराचं नाव काढायची. नंतर कळलं की याची शास्त्रशुद्ध पद्धत आहे, 'क्राफ्ट' म्हणतात. १९९९ मध्ये अमेरिकेत मिलर आणि मायर्स यांनी ती तपासली. या पद्धतीने नातेवाइकांना शिकवल्यावर ६४ टक्के घरांतला पिणारा माणूस उपचाराला आला. सगळ्यांनी मिळून अचानक घेरण्याच्या पद्धतीत ३० टक्केच. तुमचा भाऊ तयारच आहे, पण बाबांना ही पद्धत उपयोगी पडेल.

शाळेतली_बाई

नववीतल्या मुलाबद्दल. कृपया त्याला भीती घालू नका. अमेरिकेत पोलीस वर्गात येऊन नशेचे धोके सांगायचे, 'डेअर' नावाचा तो कार्यक्रम प्रचंड पसरला. पण १९९४ साली अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा मुलांच्या नशेवर त्याचा परिणाम नगण्य निघाला. उलट बाल्टिमोरमध्ये १९८५ पासून पहिलीच्या वर्गात गटाने शिस्त पाळायचा एक खेळ घेतला, त्यात नशेचा उच्चारही नव्हता. तीच मुलं १९ ते २१ वर्षांची झाल्यावर पाहिलं, तर विशेषतः लहानपणी आक्रमक असलेल्या मुलग्यांमध्ये नशेचे विकार कमी होते. आइसलँडने पालकांचा सोबत घालवलेला वेळ, खेळ आणि छंद यांवर भर दिला. तिथे १५-१६ वर्षांच्या मुलांत गेल्या महिन्यात झिंगेपर्यंत प्यायल्याचं सांगणारे १९९८ मध्ये ४२ टक्के होते, २०१६ मध्ये ५ टक्के.

मामाला आजार आहे, त्यावर औषध चालू आहे, हे त्याला सरळ सांगा. तुमच्यापासून लपवायची गरज पडली नाही तर तो विचारत राहील.

अनघा_व

सगळ्यांचे मनापासून आभार. स्टॉकहोमचा अभ्यास बाबांना वाचून दाखवला. "चौघे" म्हटल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, डॉक्टरांकडे मी पण येतो. रातपाळीताई, गोळी सुरू करताना काय सांभाळू?

रातपाळी

पहिला डोस डॉक्टर सांगतील तेव्हाच. हेरॉइन अजून अंगात असताना गोळी घेतली तर ती त्याला ग्राहींवरून ढकलून देते आणि एकाएकी भयंकर त्रास होतो. विड्रॉवलची, म्हणजे नशा उतरताना होणाऱ्या त्रासाची, लक्षणं दिसायला लागल्यावरच सुरुवात करतात, हे भावाला नीट समजावून सांगा. नाहीतर पहिल्याच दिवशी "ही गोळी मला चालत नाही" म्हणून सोडून देईल. गोळी जिभेखाली पूर्ण विरघळू द्यायची, गिळायची नाही. झोपेच्या गोळ्या किंवा दारू सोबत नको, त्या जोडीने श्वास थांबू शकतो. पाकीट कुलपात ठेवा. लहान मुलाच्या तोंडात एक गोळी गेली तरी जिवावर बेतू शकतं.

डॉक्टरांना नालोक्झोनबद्दल विचारा. ओव्हरडोसमध्ये ते काही मिनिटांत श्वास परत आणतं. त्याचा असर हेरॉइनच्या आधी संपू शकतो, म्हणून दिल्यावरही दवाखाना चुकवायचा नाही.

आणि मध्येच कधी घसरला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, गोळी बंद करू नका. बाबांना हे आत्ताच सांगून ठेवा.