मदत हवी आहे : इंटर्नना ऑफ्थॅल्मोस्कोप कसा शिकवता?

नमस्कार मंडळी. परळच्या एका रुग्णालयात मी इंटर्नना डोळे तपासायला शिकवते. टॉर्च, स्नेलेन चार्ट (नजर तपासायचा अक्षरांचा तक्ता) जमतं. घोडं अडतं ते डायरेक्ट ऑफ्थॅल्मोस्कोपवर, म्हणजे डोळ्याच्या आतला मागचा पडदा बघायच्या हातातल्या उपकरणावर. पेशंटच्या उजव्या डोळ्याला आपला उजवा डोळा, उजवा हात, कानशिलाच्या बाजूने साधारण 15 अंशांतून जवळ जा, हे सगळं तोंडपाठ. पण बाहुलीत लाल चमक दिसली की पोरं तिथेच थबकतात, पेशंटच्या इतकं जवळ जायला लाजतात, आणि डिस्क (मागच्या पडद्यावरचा, डोळ्याची नस जिथे जोडते तो गोल भाग) न दिसताच "दिसली मॅडम" म्हणून मोकळी होतात! ट्रॉपिकामाइडचे थेंब घालून बाहुली मोठी व्हायला 20-30 मिनिटं. ओपीडीच्या गर्दीत कुठून आणायची? कुणी स्वस्तात सरावाचा डोळा बनवलाय का? आत काय चिकटवलंत? आणि "दिसली" खरं की थाप, हे कसं पडताळता?