लाइट्सला नवीन मुलं तयार करायची आहेत, सुरुवात कुठून करावी?

विंगेतून_नाशिक:
नमस्कार मंडळी. आमची हौशी संस्था आहे, राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी चालू आहेत. लाइट्स बघणारे काका जाणकार, पण सगळं त्यांच्या डोक्यात. हाताखाली कॉलेजची दोन मुलं दिली आहेत, त्यांच्या वाट्याला केबल गुंडाळणं आणि चहा सांगणं एवढंच येतं. काका शिकवायला तयार आहेत, फक्त क्रम काय ठेवावा ते ठरत नाहीये. हातात दीड महिना आहे.

डिमरवाला:
केबल गुंडाळण्याला नावं ठेवू नका, तेही शिकवायचंच असतं. कोपराभोवती गुंडाळलेल्या केबलला पीळ पडतो, आतल्या तारा तुटतात आणि ऐन प्रयोगात दिवा लपलपतो. एक वेढा सरळ, पुढचा उलटा, असं हातावर घ्यायला लावा.

मग लोडचा हिशेब. 1000 वॉटचा पार (स्टेजचा डब्यासारखा दिवा) 230 व्होल्टवर साधारण 4.3 अँपिअर ओढतो. 15 अँपिअरच्या सॉकेटवर तीन झाले की 13. चौथा लावला तर 17 च्या वर जातं, आणि गंमत म्हणजे एमसीबी लगेच पडेलच असं नाही. आधी प्लग तापून वितळायला लागतो. हा हिशेब मुलांनी कागदावर मांडायचा, काकांनी तपासायचा, मगच प्लग.

टांगताना हूक बारवर, लगेच सेफ्टी चेन, मग नट आवळायचा, प्लग शेवटी. उतरवताना बरोबर उलट, तेही दिवा गार झाल्यावर. हॅलोजनच्या काचेला उघडं बोट लागू द्यायचं नाही. बोटाचं तेल राहिलं की तेवढीच जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. लागलंच तर स्पिरिटने पुसायचं.

सायक्लोरामा:
सगळं मान्य, पण नुसत्या एवढ्यावर इलेक्ट्रिशियन तयार होतील. नजर आधी तयार झाली पाहिजे.

तालमीच्या हॉलवर एक फ्रेनेल (मऊ कडांचा झोत देणारा दिवा), एक खुर्ची, एक नट. दिवा समोरून, बाजूने, मागून, डोक्यावरून आणि शेवटी समोरच्या कोपऱ्यातून 45 अंशांवर. दर वेळी मुलांनी सावली कुठे पडली ते लिहायचं. डोक्यावरून टाकला की डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात, समोरून टाकला की चेहरा सपाट. काकांनी उत्तर सांगायची घाई करू नये. काकांना हे सगळ्यात जड जाईल!

दुसऱ्या आठवड्यापासून मुलांनी आपली क्यू शीट (कुठल्या क्षणी कुठला दिवा किती, याची यादी) करायची, काकांनी आपली. तालीम संपली की दोन्ही शेजारी ठेवा. जिथे फरक निघेल तिथे काकांना ‘का’ ते सांगावंच लागतं, आणि डोक्यातलं बाहेर येतं ते असंच.

विंगेतून_नाशिक:
हे आवडलं. आमच्याकडे चार एलईडी पारही आहेत, काका त्यांना हात लावत नाहीत.

डिमरवाला:
मग तिथे मुलांनी काकांना शिकवावं. एलईडीला सप्लाय थेट द्यायचा, डिमरमधून (उजेड कमी-जास्त करणाऱ्या यंत्रातून) कधीच नाही; नाहीतर फडफडतो किंवा आतला ड्रायव्हर जातो. डीएमएक्सवर (बोर्डवरून दिव्यांना हुकूम पोचवणारा सिग्नल) एकेक पार सात चॅनल घेत असेल तर चौघांचे सुरुवातीचे अ‍ॅड्रेस 1, 8, 15, 22. साखळीतल्या शेवटच्या दिव्याला 120 ओमचं टर्मिनेटर (साखळीचं टोक बंद करणारा प्लग). डीएमएक्सच्या केबलच्या जागी माइकची केबल वापरू नका, दिवे मनाला येईल तसे नाचतात.

तिसरी_घंटा:
दिवे चालवायचा बोर्ड हातात कधी द्यायचा ते कुणी बोललंच नाही. थेट प्रयोगाला अजिबात नाही. रंगीत तालमीत एका मुलाने पूर्ण अंक चालवायचा, काका शेजारी बसतील पण फेडरला (बोर्डवरच्या सरकत्या बटणाला) हात लावणार नाहीत. चुकलं तरी अंक थांबवायचा नाही, नोंद करून पुढे.

क्यू शक्यतो वाक्यावर लिहू नका, हौशी नट वाक्यं बदलतात. ‘पान 23, दार लावून कडी घालतो, 5 सेकंदांत उजेड 80 टक्क्यांवरून 30’ असं हालचालीवर लिहा, आणि अर्धं पान आधी पेन्सिलने ‘तयार’. कालिदास आणि साईखेडकर, नाशिकच्या या दोन्ही नाट्यगृहांत बोर्डवरून विंगेजवळचं नीट दिसतंय का ते मुलांना आधी जाऊन बघून यायला सांगा. कडी दिसत नसेल तर तो क्यू विंगेतून कुणीतरी द्यावा लागेल, आणि तो माणूस आत्ताच ठरवा.