शब्दचर्चा : ‘माया’ हिंदीत कशी सांगावी?

प्रश्न

आम्ही इंदूरचे, चार पिढ्या राजवाड्याच्या आसपास राहिलेलो. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, त्यामुळे हिंदी आपल्याला येते असंच धरून चालले होते. मागच्या वर्षी मुलाचं लग्न झालं. सून भोपाळची, माहेरी सगळी हिंदीच. परवा ती बाळंतपणाला निघाली तेव्हा तिला जवळ घेऊन म्हटलं, “हमारी तुम पर बहुत माया है.” ती नुसती बघत राहिली. नंतर मुलाकडून कळलं, तिला वाटलं मी पैशाअडक्याचं काही बोलतेय. फार चुटपुट लागली. काय म्हणायला हवं होतं?

प्रतिसाद

ताई, तिचं काही चुकलं नाही. हिंदीत माया म्हणजे भ्रम, नाहीतर धन. ‘दुविधा में दोनों गए, माया मिली न राम’ ही म्हण आपण इथे रोज ऐकतो. मराठीनं ते अर्थ टाकले नाहीत, ‘बरीच माया जमवली’ आपणही म्हणतो. पण रोजच्या बोलण्यात जिव्हाळ्याचा अर्थच पुढे आला. शिवणीत आत जादा कापड सोडतात, त्यालाही आपल्याकडे मायाच म्हणतात!

हिंदीत याला एकच शब्द शोधू नका. ममता आईची, दुलार लहान मुलांचा. स्नेह बरोबर आहे, पण तो पत्रात शोभतो, निरोप देताना नाही. लगाव मला कोरडा वाटतो.

त्यापेक्षा क्रियापद धरा. मात्र ‘जीव लावला’चं ‘दिल लगाया’ करू नका, ते प्रियकर-प्रेयसीचं. आणि ‘जी लगाकर’ अभ्यास करतात. वडीलधाऱ्यांच्या तोंडी ‘मानना’ चांगलं : “हम तुम्हें बहुत मानते हैं.” मराठीत मानणं म्हणजे आदर, हिंदीत त्यात प्रेमही येतं. पण मी तुमच्या जागी असते तर एवढंच म्हटलं असतं, “तुम्हारे बिना घर में मन नहीं लगेगा.” म्हणजे आपलं ‘करमणार नाही’. त्यात माया आपोआप येते.

आणखी एक प्रतिसाद

बाळ आल्यावर दुसरी अडचण येईल, म्हणून आधीच लिहितो. मुलगी असो की मुलगा, आपण म्हणतो, “कसं हसतंय बघ माझं पिल्लू!” ते ‘हसतंय’, ते ‘माझं’ हिंदीत नेता येत नाही. ते नपुंसकलिंग, आणि हिंदीत नपुंसकलिंगच नाही. मग हिंदीत लाडानं मुलीलाही ‘बेटा’ म्हणतात. माझी वहिनी हिंदीभाषक. लेक शाळेतून आली की ती म्हणते, “आ गया मेरा बेटा!” आईला हे फार दिवस खटकत होतं. मुलीला मुलगा का म्हणायचं? मला वाटतं दोन्हीकडे ओढ एकच आहे, मुलगा-मुलगी विसरून लेकराला कवेत घ्यायची. तरी मराठीची रीत मला जास्त प्रिय आहे, कारण तिथे लाड करून घ्यायला मुलीला मुलगा व्हावं लागत नाही.

नातवंडावर जीव ओवाळून टाकण्याला हिंदीत ‘जान छिड़कना’ म्हणतात, तो प्रयोग बिनधास्त करा. आणि तोंडावरून हात फिरवून कानशिलांवर कडाकडा बोटं मोडाल, तेव्हा विहीणबाईंना काही समजावावं लागणार नाही. त्या त्यालाच ‘बलैयाँ लेना’ म्हणतात.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल फोनवर तिला म्हटलं, “तुम्हारे बिना मन नहीं लग रहा.” क्षणभर थांबून म्हणाली, “मम्मीजी, मेरा भी नहीं लग रहा.” मग मी तिला त्या दिवशीच्या ‘माया’चा अर्थ सांगितला.

आता ‘कौतुक’चं काय करू? हिंदीत तो शब्द अचंब्याचा, खेळ-तमाशाचा. मला तर तिला सांगायचंय, की बाळाचं नि तिचं, दोघांचंही कौतुक करायचंय.