रोही (नीलगाय) धडकला, गाडी कुठं टाकू?

दारव्ह्याचा कास्तकार:
रातच्याले यवतमाळहून येताना तुरीच्या वावरातून रोही थेट ऑल्टोसमोर आला. आमाले काई लागलं नाई, रोहीबी उठून पळाला! बोनेट वाकलं, बंपर फुटलं, एक हेडलाइट गेला, खालून हिरवं पाणी टपकते. गावचा डेंटिंगवाला म्हन्ते, आना, ठोकून देतो. शोरूमवाले यवतमाळले बोलावतात. विमा फुल हाय, झिरो डेप (पार्टच्या घसाऱ्याचे पैसे न कापनारा) नाई. काय करू बा?

वर्धेवाला:
भाऊ, ते कूलंट आहे, रेडिएटर फुटला असन. गाडी चालू करू नका, टोचन करून न्या. अन् खोलायच्या आधी विमा कंपनीला फोन करा, फोटो काढून ठेवा. कंपनीच्या सर्व्हेअरनं नुकसान पाहायच्या आधी काम केलं तर क्लेम अडकते.

पुसदची ताई:
झिरो डेप नाही, म्हणजे प्लास्टिकच्या पार्टचे निम्मे पैसे तुमचेच. बंपर त्यातच आला. वर १,००० रुपये सक्तीची कपात. काचेवर घसारा नसतो. क्लेम घेतला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो, तो किती आहे ते आधी पाहा.

दारव्ह्याचा कास्तकार:
४५ टक्के हाय ना ताई! पन रेडिएटर गेला तं बिल लय होईन, क्लेमच करतो. टोचन सांगतलं. बोनेट गावच्याच मानसानं सरळ केलं असतं, हात चांगला हाय त्याचा. रेडिएटर मात्र त्याच्या भरवशावर नाई सोडत.