विसर्जन मिरवणुकीचा आवाज आणि स्वमग्न मूल

प्रश्न (महाद्वार रोड, कोल्हापूर): मुलगा 7 वर्षांचा, स्वमग्न (ऑटिझम असलेला). डॉल्बी, ढोल-ताशा सुरू झाला की किंचाळतो, स्वतःच्या हाताला चावतो. मिरवणूक दारावरूनच जाते. तयारी काय करावी?

उत्तर 1: ताई, पूर्ण कान झाकणारे इअर डिफेंडर (आवाज कमी करणारे, हेडफोनसारखे दिसणारे) घ्या, आवाज किती कमी होतो त्याचा पाकिटावरचा आकडा 25 डेसिबलच्या आसपास आहे का बघून. दोन आठवडे आधीपासून शांत वेळी 5-5 मिनिटं घालायला द्या. ऐनवेळी डोक्यावर चढवले तर त्यांचाच त्रास होतो. दिवसभर मात्र नकोत, साधे आवाजही टोचायला लागू शकतात. आणि डॉल्बीचा दणका छातीत, फरशीतून जाणवतो, तो इअर डिफेंडरनं थांबत नाही. त्या रात्री पाहुण्यांकडं लांब राहणं सगळ्यांत उत्तम. नाहीतर मागची खोली, खाली जाड गादी.

उत्तर 2: मिरवणुकीआधी 10 मिनिटं जोर लागणारं काम द्या: भिंत ढकलणं, अर्धी बादली उचलणं. हाताऐवजी चावण्यासाठी रबरी च्यू (चावायचं खेळणं). किंचाळणं सुरू झालं की समजावू नका, तेव्हा बोलणं म्हणजे आणखी एक आवाज. घट्ट मिठी त्याला हवी असेल तरच.

उत्तर 3: त्रास अचानक वाढला असेल तर आधी कान आणि दात डॉक्टरांना दाखवा. बोलता न येणारी मुलं दुखणं असंच दाखवतात.