एलसी३ सिमेंट: स्लम्प इतक्या लवकर का पडतो?

प्रश्न: प्रयोगशाळेत एलसी३ (भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी घातलेलं सिमेंट) काँक्रीटचे क्यूब ओततोय. सिमेंटात क्लिंकर (भट्टीत भाजलेला सिमेंटचा मूळ घटक) ५०, भाजलेली चिकणमाती ३०, चुनखडी १५, जिप्सम ५ टक्के. पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४५. अर्ध्या तासात स्लम्प (ओल्या काँक्रीटचा सैलपणा) जवळपास शून्य. पाणी वाढवू का?

प्रतिसाद १: पाणी अजिबात नको, ताकद जाईल. भाजलेल्या मातीचे कण पापुद्र्यांसारखे असतात, पृष्ठफळ मोठं, म्हणून पाणी धरून ठेवतात. पॉलीकार्बोक्झिलेट सुपरप्लास्टिसायझर (पाणी न वाढवता काँक्रीट सैल करणारं रसायन) घ्या. मात्रा मार्श कोनवर (सिमेंटचा लगदा किती वेळात वाहतो ते मोजणारं नरसाळं) ठरवा आणि थोडा भाग मिसळण्याच्या शेवटी घाला.

प्रतिसाद २: माती कशी भाजली ते आधी सांगा. ७०० ते ८५० अंश सेल्सिअस हवं. कमी पडलं तर केओलिनाइट (चिकणमातीतलं खनिज, भाजल्यावर हेच क्रियाशील होतं) तसाच राहतो, ९५० च्या वर गेलं तर स्फटिक बनून क्रियाशीलता मरते. मुळात केओलिनाइट ४० टक्के तरी असावा. जिप्समही तपासा: कॅलरीमीटरवर (सिमेंटची उष्णता मोजणारं यंत्र) ॲल्युमिनेट या घटकाच्या उष्णतेचं शिखर सिलिकेटच्या आधीच आलं, तर जिप्सममधून येणारं सल्फेट कमी पडतंय.

प्रश्नकर्ता: ९०० ला भाजली होती. ८०० ला पुन्हा करून पाहतो.

प्रतिसाद ३: क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं) किमान ७ दिवस, चुकवू नका. हे काँक्रीट क्लोराइड (सळई गंजवणारे क्षार) उत्तम रोखतं, पण कार्बोनेशनला (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा परिणाम) साध्या सिमेंटपेक्षा कमकुवत. सळईवरचं कव्हर (काँक्रीटचा थर) कमी करू नका.